आधी पाय बघा, मग बूट

हुपरी हे गाव पायांवर उभे आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. हातकणंगले तालुक्यातल्या या चंदेरी नगरीत घराघरांत चांदीचे काम चालते आणि इथली पैंजणे देशभरातल्या बाजारपेठांत जातात. पैंजण इंचांच्या मापावर विकले जाते. मोठे झाले तर टाचेवर लोळते, लहान झाले तर घोट्याला काचते. म्हणून पैंजण घेताना आधी माप ठरते, नक्षीचे बघायचे ते नंतर. जिल्ह्याची दुसरी ओळख असलेली कोल्हापुरी चप्पलही तशीच. नवी असताना चावते, पण एकदा पायाचा आकार घेतला की वर्षानुवर्षे साथ देते.

धावण्याचे बूट घेताना मात्र हे शहाणपण मागे पडते. तिथे आधी किंमत विचारली जाते, मग रंग, मग मित्राने कोणते घेतले ते. पायाचा विचार दुखायला लागल्यावर सुरू होतो.

कोल्हापूर जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. पहिली भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पोलिस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी तब्बल २० गुण असतात. काही सेकंदांनी गुण जातात आणि एका गुणाने नोकरी जाते. दुसरी माणसे चाळिशी-पन्नाशीतली. दिवसभर मांडी घालून कारागिरी करायची किंवा गादीवर बसून हिशेब बघायचा, अशा बैठ्या कामात वजन, साखर किंवा रक्तदाब वाढतो आणि डॉक्टर सांगतात, ‘हालचाल वाढवा.’ दोघेही दुकानात जाऊन एकच प्रश्न विचारतात, ‘पळायला चांगला बूट कोणता?’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना धावण्याच्या बुटांचा धंदा मुळात कसा उभा राहिला, हे पाहणे उपयोगी ठरते. जगातल्या सर्वांत मोठ्या बूट कंपन्यांपैकी एक ज्याने उभी केली, तो शाळेत असताना एका संघातून वगळलेला मुलगा होता.

आईने घेतलेला जोड

फिल नाइट यांचा जन्म १९३८ मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात झाला. वडील वृत्तपत्राचे प्रकाशक होते. शाळेत असताना फिलला बेसबॉल जिवापाड आवडायचा, पण शाळेच्या संघातून त्याला वगळण्यात आले. मुलगा खट्टू होऊन बसला, तेव्हा आईने त्याला धावण्याच्या संघात जायला लावले. धावण्यात त्याचे मन रमले.

सुटीत वडिलांच्या वृत्तपत्रात काम मिळेल, अशी त्याची अपेक्षा होती. ‘काम स्वतः शोध,’ असे वडिलांचे मत पडले. मग तो स्पर्धक वृत्तपत्रात गेला. तिथे रात्रपाळीत खेळांचे निकाल जुळवायचे आणि सकाळी घरी पळत जायचे, असा त्याचा क्रम होता. हे अंतर होते सात मैल, म्हणजे ११ किलोमीटरहून थोडे अधिक. पुढे मोठेपणी त्यांनी बूट विकायला सुरुवात केली, तेव्हा वडिलांना हा उद्योग फारसा पसंत नव्हता. आईने मात्र काही न बोलता पर्स उघडली आणि सात डॉलर देऊन मुलाकडूनच एक जोड विकत घेतला.

ओरेगन विद्यापीठात नाइट मध्यम पल्ल्याचे धावपटू होते. एक मैल धावण्याची त्यांची सर्वोत्तम वेळ होती ४ मिनिटे १३ सेकंद. चांगली, पण अव्वल नव्हे. तिथले प्रशिक्षक बिल बोवरमन यांना बुटांचे वेड होते. खेळाडूंचे बूट ते उसवायचे, शिवायचे, वेगवेगळी कातडी लावून पाहायचे. त्यांचे गणित साधे होते. धावपटूचे एक पाऊल सहा फुटांचे धरले, तर एका मैलात ८८० पावले पडतात. बुटाचे वजन एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमने कमी केले, तर मैलभरात ८८० औंस, म्हणजे ५५ पौंड कमी उचलावे लागतात. आपल्या हिशेबात ते २५ किलो होते. पुढच्या संशोधनातही असेच दिसले. प्रत्येक बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले की धावताना लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते.

बोवरमन यांच्या अनेक प्रयोगांत नाइट यांचेच पाय वापरले गेले. बूट बदलला की पायाला काय वाटते, हे त्यांना ऐन तारुण्यात असे समजले.

काकडीची कोशिंबीर आणि पायाचे फोड

याच सुमारास जपानमधल्या कोबे शहरात एक माणूस पायांचा अभ्यास करत होता. किहाचिरो ओनित्सुका यांचा जन्म १९१८ मध्ये तोत्तोरी भागातल्या शेतकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या देशात तरुणांना खेळ सावरू शकेल, असे त्यांना वाटत होते. १९४९ मध्ये त्यांनी बुटांचा छोटा कारखाना सुरू केला.

सुरुवात बास्केटबॉलच्या बुटांपासून झाली. खेळाडू घसरायचे. उपाय सुचला तो जेवताना. काकडीच्या कोशिंबिरीत ऑक्टोपसचा तुकडा होता आणि त्याच्या भुजांवरच्या वाट्या भांड्याला चिकटून बसल्या होत्या. बुटाच्या तळाला तशाच खोलगट वाट्या दिल्या, तर पकड येईल, हे त्यांच्या लक्षात आले.

मॅरेथॉनच्या धावपटूंचे दुखणे वेगळे होते. त्यांच्या तळपायाला फोड यायचे. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. पाय बुटात मागे-पुढे सरकतो, तेव्हा वरची कातडी एका बाजूला आणि आतला थर दुसऱ्या बाजूला ओढला जातो. हजारो पावलांनंतर दोन थर सुटे होतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरते. घामाने ओलसर झालेली कातडी अधिक चिकटते आणि पाय गरम झाला की घाम वाढतो. ओनित्सुका यांनी हे कारण समजून घेतले आणि वाऱ्याने थंड राहणाऱ्या इंजिनाची कल्पना बुटात आणली. बुटाला छिद्रे ठेवून आत हवा खेळती ठेवली. १९६० च्या सुमारास हा बूट धावपटूंच्या पायांत आला.

इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली होती. पुढच्या वर्षी ते ओसाकाच्या मॅरेथॉनसाठी जपानला आले, तेव्हा ओनित्सुका स्वतः त्यांना भेटले आणि बूट घालायला राजी केले. ती शर्यतही बिकिला यांनीच जिंकली.

१९६२ मध्ये नाइट कोबेला पोहोचले. स्टॅनफर्ड विद्यापीठात व्यवस्थापन शिकताना त्यांनी एक निबंध लिहिला होता. जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांना मागे टाकले, तसे जपानी बूट जर्मन बुटांना मागे टाकतील का, असा त्याचा विषय होता. ओनित्सुका यांच्या कंपनीकडून त्यांनी अमेरिकेत बूट विकण्याची परवानगी मिळवली. १९६४ मध्ये नाइट आणि बोवरमन यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून भागीदारी केली. दुकान नव्हतेच. मोटारीच्या डिकीत बूट भरायचे, शर्यतींच्या मैदानावर जायचे आणि धावपटूंशी बोलत बोलत विकायचे. याआधी नाइट यांनी ज्ञानकोश विकून पाहिले होते आणि ते त्यांना अजिबात जमले नव्हते. बूट मात्र विकले गेले, कारण धावण्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास होता. १९७१ मध्ये याच धंद्याने ‘नायकी’ हे नाव घेतले.

दुकानदाराची पत्रे

कंपनीचे पहिले दुकान १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका इथे उघडले. ते चालवणारे जेफ जॉन्सन हे कंपनीचे पहिले पूर्णवेळ कर्मचारी आणि स्वतः धावपटू होते. त्यांनी दुकानात बसायला खुर्च्या ठेवल्या, वाचायला पुस्तके ठेवली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचे एक कार्ड केले. त्यावर बुटाचे माप आणि त्या माणसाच्या आवडीनिवडी लिहिलेल्या असत. गिऱ्हाइकांना ते पत्रे पाठवत आणि उत्तरेही येत.

एका गिऱ्हाइकाने कळवले की बूट हलका आहे, पण मॅरेथॉनसाठी तळ फार पातळ पडतो. जॉन्सन यांनी गावातला चांभार गाठला. न्हाणीघरात वापरायच्या स्लिपरचा मऊ रबरी तळ काढून तो बुटात बसवून घेतला. त्या गिऱ्हाइकाने ते बूट घालून बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्वतःची सर्वोत्तम वेळ दिली. धावण्याच्या बुटांत आज सर्रास दिसणाऱ्या मऊ तळाची ही गावठी आवृत्ती. ती एका तक्रारीतून आणि एका चांभाराच्या हातातून आली.

आता दुकानांत पायाचा ठसा घेणारी यंत्रे आली आहेत. ठशावरून पाय सपाट आहे, मध्यम आहे की उंच कमानीचा, हे ठरवून त्यानुसार बूट सुचवला जातो. दुखापत टाळण्यासाठी याचा उपयोग होतो का, हे अमेरिकी लष्कर, हवाई दल आणि मरीन दलाच्या नव्या जवानांवर तपासले गेले. हजारो जवानांपैकी एका गटाला तळपायाच्या आकारानुसार वेगवेगळे बूट दिले, दुसऱ्या गटातल्या सर्वांना एकाच प्रकारचे. दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. २०२२ मध्ये कोक्रेन या संस्थेने १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ११ हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता. अमुक प्रकारचा बूट दुखापत टाळतो, असे ठामपणे सांगण्याजोगा पुरावा त्यातही मिळाला नाही.

याचा अर्थ कुठलाही बूट चालेल, असा नाही. जवानांवरच्या आणखी एका अभ्यासात त्यांना बुटातल्या आतल्या तळव्यांचे वेगवेगळे प्रकार देऊन स्वतःला सर्वांत आरामदायक वाटेल तो निवडायला सांगितले. निवड करणाऱ्यांना पायांची दुखणी कमी झाली. यंत्राने ठरवलेल्या वर्गापेक्षा पायाने दिलेली पावती अधिक भरवशाची दिसते. ती मिळवायची, तर जॉन्सन यांच्यासारखे विचारावे लागते.

अनवाणी बालपणाची कमाई

आपल्याकडच्या अनेकांच्या बालपणात धावण्याचे बूट नव्हतेच. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना सर दोराबजी टाटा यांनी पाहिली. त्यांच्या वेळा पाहून ते थक्क झाले. भारताने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला खेळाडू पाठवले, त्यामागे ही आठवण होती. त्या चमूतले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण केली.

अनवाणी बालपणाने पाय घडतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या कर्नाटकातून आला आहे. मणिपालच्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २३०० मुलांच्या तळपायांचे ठसे घेतले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्या मुलांत २.८ टक्के आढळले. पुढून बंद असलेल्या बुटांचा परिणाम चप्पल-सँडलपेक्षा जास्त होता. नंतर १८०० हून अधिक प्रौढांना तपासले, तेव्हा सहा वर्षांच्या आत बूट घालू लागलेल्यांत सपाट पाय ३.२४ टक्के निघाले. सोळाव्या वर्षानंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १.७५ टक्के होते.

तळपायाची कमान ही स्प्रिंग आहे. एका पावलात २६ हाडे असतात. त्यांना बांधणाऱ्या शिरा पाय टेकताना ताणल्या जातात आणि पाय उचलताना आखडतात. धावताना प्रत्येक पावलाला लागणाऱ्या ऊर्जेचा काही भाग अशा रीतीने परत मिळतो. सर्वांत मोठी परतफेड टाचेमागच्या जाड शिरेकडून होते, त्याखालोखाल कमानीचा वाटा येतो. लहानपणी माती, वाळू, दगड यांवर वावरताना तळपायाचे छोटे स्नायू कामाला लागतात. त्यामुळे स्वच्छ अंगणात किंवा मैदानावर लहान मुले अनवाणी खेळली तर बिघडत नाही.

म्हणून मोठ्यांनी एकदम बूट टाकून डांबरी रस्त्यावर अनवाणी पळायला लागू नये. अनवाणी धावणारा बहुधा चवड्यावर पाऊल टाकतो. त्याने टाचेवरचा धक्का कमी होतो, पण पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढतो. वर्षानुवर्षे जाड तळ्याच्या बुटांत राहिलेल्या पायाला ही सवय नसते. मधुमेह असलेल्यांनी तर अनवाणी चालूसुद्धा नये. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर काच रुतली तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

नडगी का दुखते?

भरतीची जाहिरात आली की सरावाची घाई सुरू होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो, मुलांना हुरूप येतो आणि अंतर दुप्पट केले जाते. मग नडगी दुखायला लागते आणि दोष बुटावर जातो.

खरा घोळ वेगाच्या फरकात आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावाला जुळवून घेतात. हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी तिथला जुना भाग कोरून काढते आणि मग नवे हाड भरते. हे चक्र पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा थोडी नाजूक असते. त्याच वेळी अंतर आणि वेग दोन्ही वाढवले, तर हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेले दुखणे अनेकदा विश्रांतीने आणि सराव कमी केल्याने जाते. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल किंवा लंगडायला होत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये बारीक चीर दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे अंगावर काढू नये. मुलींची पाळी सराव सुरू केल्यावर बंद झाली, तर ती हाडांसाठी धोक्याची घंटा आहे. खाणे अपुरे पडत असल्याचे ते लक्षण असू शकते. दूध, डाळी, भाकरी, अंडी यांत काटकसर करून महागडा बूट घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

एक बिनखर्चाचा उपायही आहे. वेग तोच ठेवून पावले थोडी आखूड आणि जलद टाकली, म्हणजे मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तर गुडघा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

चाळिशीनंतर सुरुवात करणाऱ्यांसाठीही बोवरमन यांच्याकडे धडा आहे. १९६२ च्या अखेरीस ते न्यूझीलंडला गेले, तेव्हा तिथली वयस्कर माणसे रमतगमत धावताना त्यांनी पाहिली. एका ज्येष्ठ धावपटूने तर त्यांनाच मागे टाकले. परतल्यावर त्यांनी आपल्या गावात सामान्य लोकांसाठी संथ धावण्याचे वर्ग सुरू केले आणि हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्यासोबत त्यावर पुस्तक लिहिले. धावता धावता सोबत्याशी बोलता आले पाहिजे, दम लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा, ही त्यांची कसोटी आजही वापरता येते. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुकानात गेल्यावर

बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि धावतानाही तो सुजतोच. माप उभे राहून आणि दोन्ही पायांचे घ्यावे. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, बूट त्या पायाच्या मापाचा घ्यावा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच मात्र उचलली जाता कामा नये. धावताना जे मोजे घालायचे, तेच घालून बूट पाहावा. सुती मोजे घाम धरून ठेवतात, त्यामुळे फोड येणाऱ्यांनी घाम लवकर सुकणारे मोजे वापरावेत. दुकानाबाहेर पन्नास पावले पळून पाहावे. ‘वापरल्यावर सैल होईल’ हे चपलेला लागू पडते, धावण्याच्या बुटाला नाही. तो पहिल्या दिवसापासून बसला पाहिजे.

बुटाच्या तळातला मऊ फोम म्हणजे हवेचे असंख्य बारीक बुडबुडे. हजारो पावलांनी ते चेपतात. वरून बूट नवा दिसतो, पण आतला तळ बसलेला असतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलण्याची वेळ येते. नवा बूट परीक्षेच्या आदल्या दिवशी घालू नये, निदान दोन-तीन आठवडे आधी सरावात आणावा.

दुकानदारालाही मोठे यंत्र लागत नाही. एक वही पुरेशी आहे. गिऱ्हाइकाचे नाव, दोन्ही पायांचे माप, कशासाठी धावतो, आधी कुठे दुखले होते, कोणता बूट दिला, एवढे तिच्यात लिहायचे आणि तीन महिन्यांनी विचारायचे, ‘कसा चालला बूट?’ सँटा मोनिकाच्या दुकानात साठ वर्षांपूर्वी हेच झाले होते. पैंजणाचे माप विचारल्याशिवाय व्यवहार न करणाऱ्या हुपरीला ही रीत नवी नाही.